आवाजावर उजळणारा पिंपळ

"हे मी सांगतो, अन् तुमी काही मानसान नाही," देवमननं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि बशी पायाशी ठेवली. "अमरावतीत कोणी मानलं नाही. वलगावात ज्याईनं डोळ्यानं पाहिलं, ते बी आता नाही म्हणून राहिले."

देवमनची कोणतीही गोष्ट अशीच सुरू होते. नोकरीची सगळी वर्षं त्यानं अमरावती-धारणी एसटी चालवली, आणि त्या रस्त्याला जितके खड्डे तितक्या त्याच्याकडे गोष्टी. घाटात वाघानं हात दाखवून गाडी थांबवली, कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं आणि वाघानं सुट्टे पैसे दिले, ही त्यातल्या त्यात साधी. वाघावर कोणी शंका घेत नाही; सुट्ट्या पैशांवर घेतात.

आज त्याला ऐकणारे नवे मिळाले होते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीत, देवीदास आणि माणिकबाई यांचं हार-गजऱ्याचं घर. त्यांच्या वरच्या खोलीत देवमनची नात माया भाड्यानं राहते आणि पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी करते. तिला भेटायला देवमन आणि केशरबाई वलगावहून आले होते, सोबत कुरड्यांचा डबा. ऊन उतरलं होतं, अंगणात पाणी मारलं होतं, मधोमध ओल्या फडक्यावर मोगऱ्याचा ढीग होता. केशरबाईला रिकामं बसणं जमत नाही. कोणी न सांगता तिनं सुई उचलली होती आणि माणिकबाईच्या बाजूला बसून गजरा ओवत होती.

"सांगा न भाऊजी," माणिकबाई म्हणाली. "मानायचं का नाही, ते मागून पाहू."

"आमच्या विहारातला पिंपळ माणसाचा आवाज ओळखते. सगळ्याईचा नाही. एकाच बाईचा."

मायानं आजीकडे पाहिलं. आजीनं सुईकडे.

आता एक गोष्ट देवमन मोठ्यानं कधी सांगत नाही. पण ती ठाऊक नसेल तर बाकीच्यात काही दम नाही. दर बुद्ध पौर्णिमेला वंदना झाली की केशरबाईनं आपल्या आईच्या ओव्या म्हणायच्या आणि बायांनी मागून धरायच्या, असा वलगावच्या विहारातला शिरस्ता. आईनं जात्यावर स्वतःच जुळवलेल्या त्या ओव्या. घरात तर केशरबाई त्याहून जास्त गायची. भाकर थापताना, तूर निवडताना, देवमन बोलत असताना. मग गळ्यात गाठ निघाली. अमरावतीला ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, सगळं नीट झालं. पण आवाज गेला तो घोगरा होऊन परतला. "माह्या गळ्यात बेंडूक बसला," असं तिनं पहिल्यांदा हसून सांगितलं, आणि त्यानंतर गाणंच सोडलं. पौर्णिमेला पोरं पेन ड्राइव्ह लावू लागली. घरात नुसती भाकरीची थापथाप उरली. तेव्हा कुठे देवमनला कळलं, की इतकी वर्षं आपण एकटेच बोलत नव्हतो, मागून कोणीतरी सूर धरून होतं. त्यानं "म्हण न" म्हणून पाहिलं, ती चिडली. डॉक्टरांचा हवाला दिला, ती रडली. मग त्यानं तो विषय काढला नाही.

आणि यंदाच्या पौर्णिमेला मायानं ती लायटिंगची माळ आणली.

"इथूनच, तुमच्या गल्लीच्या तोंडावरून घेतली पोरीनं," देवमन देवीदासला सांगत होता. "बटन नाही, काही नाही. एक डबी, अन् सगळा कारभार मोबाईलवर. म्हणे, आबा, अॅप टाका. टाकलं. तर ते अॅप मलेच विचारते, तुमचा पत्ता सांगा, तुमचे फोन नंबर दाखवा, तुमचा आवाज ऐकू द्या. म्या म्हटलं, माया, तुले पाहायले आलेल्या पोराच्या बापानं बी इतकं नाही विचारलं!"

"आबा," माया म्हणाली.

"बरं, नाही सांगत. तर त्या माळेचे दोन प्रकार. एक हातानं. मोबाईलवर एक पट्टी दिसते. बोटानं वर सारली का उजेड वाढते, खाली सारली का विझते. दुसरा प्रकार आवाजाचा. आवाज आला का लागते, आवाज थांबला का विझते. म्या म्हटलं, म्हणजे हे तुह्या आजीच्या उलटं झालं. माह्या आवाजानं ती विझते."

माणिकबाई खुदकन हसली. केशरबाईनं एक कळी ओवली, गाठ मारली.

माळ झाडावर चढवायला सहदेव आला. सहदेव म्हणजे गावातला मंडपवाला, विहारात ढोलकीही तोच वाजवतो. खालच्या फांद्यांना त्यानं शिडी लावून माळ गुंडाळली. पण शेंडा?

"शेंड्यावर खारीनं नेली," देवमन म्हणाला.

देवीदासचा हात हारावरच थांबला. "खार? लायटिंगची माळ?"

"मंग सहदेव चढला असता का? त्याचं पोट पाहिलं तुमी? टोक तोंडात धरलं अन् गेली सरसर. वरती दोन वेढे दिले, गाठ मारली. मागून तिले खीर दिली आमी, द्रोणात."

"साखरेची का गुळाची?" देवीदासनं विचारलं. त्यालाही आता मजा येऊ लागली होती.

"तिनं विचारलं नाही, म्या सांगितलं नाही."

मग आली ती पौर्णिमेची संध्याकाळ. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारापुढे बसलेली, वंदना झालेली, खिरीची गंजं झाकून ठेवलेली. चंद्र पाण्याच्या टाकीआडून अर्धा वर आलेला. माया म्हणाली, आबा, करा सुरू. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, पंचशील झेंड्याचे पाचही रंग तिनं अॅपात भरून ठेवले होते. देवमननं फोनवर बोट दाबलं, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि झाड जसं होतं तसं काळं.

"आवाजावर ठेवलं होतं न," देवमन म्हणाला. "म्या सहदेवले म्हटलं, वाजव. त्यानं ढोलकी अशी वाजवली, का शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. झाड चूप. पोराईनं जयभीमचा पुकारा केला, अमरावतीच्या बसस्टँडवर ऐकू गेला. झाड चूप. सहदेवले तंबाखूची शिंक आली, नेमकी माईकमध्ये. भोंग्यावरचे कबुतरं उडाले. झाड? चूप. फोन माह्या खिशात होता."

"मंग?" माणिकबाईनं विचारलं.

"मंग काय. लोक म्हणे, फुकट गेले पैसे. सहदेव निघाला आपली जुनी माळ आणाले. म्या म्हटलं, थांबा बाप्पा. हे झाड कोणाची तरी वाट पाहून राहिलं. फोन माह्या खिशात होता."

"ते सांगितलं तुमी," देवीदास म्हणाला.

"दोनदा सांगितलेलं बरं राहते."

इथं देवमन जरा थांबला. त्यानं केशरबाईकडे पाहिलं नाही. पौर्णिमेनंतर ही गोष्ट त्यानं वलगावात सांगितली होती, अमरावतीला डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगितली होती, येताना एसटीत शेजारच्या सीटवरच्या माणसालाही सांगितली होती, आणि दर वेळी केशरबाई ऐकू येईल इतक्या अंतरावर असतानाच. कारण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी, भाकरीच्या थापथापीमागून, एक घोगरा सूर निघाला होता. देवमन बाजेवर पडल्या पडल्या ऐकत राहिला. कूस बदलली तर बाज कुरकुरेल आणि सूर थांबेल म्हणून हललासुद्धा नाही. तेव्हापासून रोज तो सूर होता. त्याची भीती एवढीच, की हिला कधी शंका आली, आपल्याला फसवून गायला लावलं असं वाटलं, तर सूर पुन्हा आत जाईल आणि या वेळी कुलूप लावून जाईल. आणि देवमनच्या अनुभवानं खोटं हे खुंट्यासारखं असतं. एकदा ठोकलं तर हलतं. दहादा ठोकलं की त्याला म्हैस बांधता येते.

म्हणून त्यानं खुंटा पुन्हा ठोकायला घेतला.

"म्या हिले म्हटलं, केशर, तू म्हण एक ओळ. ही म्हणे, मी? ह्या फाटक्या गळ्यानं? म्या म्हटलं, झाडाले काय करायचं गळ्याचं? त्याच्यावर वर्षभर कावळे बोलतात, त्यानं कधी तक्रार केली? तरी ही नाहीच म्हणे. मंग म्या म्हटलं, ठीक हाये, मीच म्हणतो."

"आबा सुरू झाले," मायानं सांगितलं, "अन् पहिल्याच ओळीत दोन लहान लेकरं रडाले लागली."

"भक्तिभावानं रडले ते."

"आजी तिकडून ओरडली, अवो बंद करा, झाड वाळन!"

"ओरडली ना? अन् मंग तिचं तिलेच राहावलं नाही. माह्या तोंडून तिच्या मायची ओवी अशी वाकडीतिकडी निघून राहिली, ते ऐकवत नव्हतं तिले. म्हणे, अशी नाही, अशी हाये." देवमननं डोळे मिटले आणि या वेळी, कसं कोण जाणे, सूर बरा लावला:

"पिंपळाचं पान हाले वाऱ्याविना बाई,
बुद्ध बसले सावलीले, सावली हालत नाही."

"पहिल्या ओळीले खालची फांदी पिवळी झाली," तो हळूच म्हणाला. "सावकाश. दिव्याची वात वर करावी तशी. दुसऱ्या ओळीले मधली निळी. ही जसा सूर चढवे, तसा उजेड चढे. ही सूर उतरवे, उजेड उतरे. आवाज घोगरा, मी कायले खोटं बोलू? पण त्या घोगऱ्या आवाजानं झाड पानापानानं उजळत गेलं, शेंड्यापर्यंत, जिथं खारीनं गाठ मारली होती तिथपर्यंत. बायाईनं मागून कवा धरलं, समजलं बी नाही."

माणिकबाईच्या हातातला हार मांडीवर पडला होता.

"अन् आता ऐका. तिसऱ्या ओवीत ही थांबली. विसरली. गळा बसल्यापासून तोंडात नाही, विसरन नाही तर काय. मधातच थांबली. बाया बी थांबल्या. ढोलकी थांबली. इतकं चूपचाप झालं, का खिरीवरचं झाकण हललं ते ऐकू आलं. म्या मनात म्हटलं, गेलं आता. पण झाड?" देवमननं बोट वर केलं. "झाड विझलं नाही. भरल्या उजेडानं उभं राहिलं. तिच्याकडे पाहत. वाट पाहत. मंग कवातरी हिले आठवलं, अन् हिनं पुढची ओवी घेतली. सांगा आता. झाडाले माणूस समजते का नाही समजत?"

माणिकबाईनं पदरानं डोळे टिपले. देवीदास म्हणाला, "खारीचं मी मानत नाही. पण हे मानतो."

देवमननं समाधानानं बशी उचलली. खुंटा पक्का बसला होता.

केशरबाईनं गजऱ्याचा दोरा दातानं तोडला. अख्ख्या गोष्टीत ती पहिल्यांदाच बोलली.

"माया, ते लायटिंग आवाजावर चालते न?"

"हो आजी."

"आवाज थांबला का विझते."

"हो, लगेच."

"मंग मी थांबली, बाया थांबल्या, ढोलकी थांबली, तवा ते काहून नाही विझलं?"

 माया हळूहळू आजोबांकडे वळली. देवीदासही वळला. देवमनच्या हातातली बशी वर गेली होती ती तिथंच राहिली.

"तेच तर," तो म्हणाला. "तेच तर मी सांगून राहिलो, झाडानं..."

"पांढरा सदरा घातला होता तुमी. पातळ कपड्याचा. खिशात हात होता, अन् खिशातून मोबाईलचा उजेड दिसून राहिला होता. दुसऱ्याच ओळीले दिसला मले. मी सूर चढवो, तुमचा हात वर. मी उतरवो, हात खाली."

 देवमनला फक्त वलगावची चूल आठवली आणि भाकरीची नुसती थापथाप.

"पण तू तर विसरली होती," तो कसंबसं म्हणाला.

"माह्या मायची ओवी मी विसरन? मुद्दाम थांबली मी. म्हटलं, पाहू तर खरं."

"मंग तवापासून माईत हाये तुले?"

"तवापासून."

"अन् तरी पुढची म्हटली?"

"न म्हणून काय करू?" केशरबाईनं तयार गजरा फडक्यावर टाकला आणि मोगऱ्याची नवी ओंजळ पुढ्यात ओढली. "मी थांबली, तर तुमाले पट्टी खाली कराचं बी भान नाही. तोंड उघडं टाकून माह्याकडे पाहत उभे! झाडानं वाट पाहिली म्हणे. अवो, झाड नव्हतं ते, तुमी होते. खोटारडे कुठले!"