शिळा सण

धाकटीनं सकाळीच घराचं दार सताड उघडून ठेवलं. जिन्यातून जाणारे-येणारे आत डोकावत होते. डोकावेनात का. आदल्या दिवशी मोठा उपास झाला होता, दारं लावून देवापुढे पापं कबूल करण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, गोडधोड करायचं, आणि ज्यानं कुणाला दुखावलं असेल त्यानं आपल्या पायांनी त्याच्या घरी जायचं. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं.

धुलाईखान्यातल्या मुकादमबाईंना मात्र हे पटलं नव्हतं. "मीही यहुदीच आहे," त्या म्हणाल्या होत्या, "उपास संपला की दुसऱ्या दिवशी काम. हा सण तू कुठून काढलास?" शेवटी रजा बिनपगारी मिळाली. तिनं ती निमूट घेतली, कारण आज तिचा थोरला भाऊ, दादा, येणार होता.

दादानंच तिला आणि तिच्या नवऱ्याला या देशात आणलं, आल्या आल्या स्वतःच्या घरात ठेवलं. हे उपकार ती विसरली नव्हती. पण वल्हांडण सणाच्या रात्री, दादाच्या टेबलाभोवती वहिनीच्या माहेरची मंडळी बसली होती, सगळी इथलीच. धाकटी ताटं मांडत होती. एकानं तिच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, दादानं काहीतरी उत्तर दिलं. तिला इथली भाषा येत नव्हती. भावानं ओळख करून दिली असं समजून ती वेडी सगळ्यांकडे बघून हसली, हात जोडले, आणि दादाचं ते वाक्य तिनं कौतुकानं पाठही करून ठेवलं. पुढं धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालता घालता शब्द कळू लागले, आणि एक दिवस ते वाक्यही कळलं.

"ओळखीची बाई आहे, घरकामाला असते."

तिनं त्याच संध्याकाळी जाब विचारला. दादानं कानांवर हात ठेवले. "कुणी कान भरले तुझे? तुला भाषा तरी कळते का?" आठवड्याच्या आत दोघं नवरा-बायको या एका खोलीत राहायला आली. ती दोघं निघताना दादानं एक घडीची खाट दिली. नंतर फोन नाही, निरोप नाही. आणि काल उपास सुटताना, प्रार्थनामंदिरातल्या प्रार्थनेनंतर तो स्वतःहून जवळ आला. "उद्या येतो गं घरी." तिचे डोळे भरून आले. कशीही असली तरी एकाच आईची लेकरं.

दुपार कलल्यावर तो आला. तिनं खीर वाढली. त्यानं उभ्या उभ्याच चार चमचे खाल्ले.

"आज कामावर नाहीस?"

"आज शिळा सण ना, दादा."

"अरे हो. आई करायची नाही का? इथं कुणी पाळत नाही गं हे." त्यानं वाटी खाली ठेवली. "मी खाटेसाठी आलो होतो. हिच्या माहेरचे येतायत मांडवांच्या सणाला, झोपायला कमी पडतंय. खाली गाडी उभी आहे."

ती मेली पहाटे उठून दूध आटवत बसली होती, आणि हा आपला खाट न्यायला आला होता. तिनं खाटेवरचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. एक बाजू त्यानं धरली, दुसरी तिनं, आणि दोघं जिना उतरली.

गाडी चालवणारा मित्र मागचं दार उघडून उभा होता. त्यानं तिला नमस्कार केला आणि दादाला इथल्या भाषेत विचारलं, "ही कोण रे?"

"ओळखीची," दादा त्याच भाषेत, सहज म्हणाला. "पूर्वी आमच्याकडे कामाला होती."

तिनं खाट गाडीत नीट सरकवली, हात झटकले आणि मित्राकडे वळली. त्याच भाषेत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "ओळखीची होते. आता तीही नाही."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो "अगं, ऐक," म्हणेपर्यंत ती अर्धा जिना चढली होती. वर येऊन तिनं त्याच्या वाटीतली उरलेली खीर मोरीत ओतली आणि दार लावून घेतलं. खाली बराच वेळ गाडी सुरू झाली नाही. मग जिन्यात पावलं वाजली, दारावर थाप पडली, पुन्हा पडली. धाकटी भिंतीला टेकून जमिनीवर बसून राहिली.