मास्तर परत येतो

मिताली आली तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि माझी बायको रत्नमाला मेथी निवडत होती. मिताली आमच्या भिलाईतल्या जुनवानीच्या गल्लीतली, देवीदासची धाकटी मुलगी. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी तिची भाषा. आमच्या घरात शिरताना मात्र दोन्ही एकदम येतात.

"काकाजी, पुढच्या रविवारी नीलकमलमध्ये मराठी पिक्चर लावून राहिलो आम्ही. पुराना वाला. 'पैलथडीचा मास्तर'. सुरू व्हायच्या आधी तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. बस्, फायनल."

मी म्हणालो की मला बोलता येत नाही. हे खरंच आहे. निवृत्तीच्या समारंभात मी 'आभारी आहे' एवढंच म्हणालो आणि खाली बसलो, तेही प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत.

"अरे पण तुमचा लेख वाचला ना मी, मराठी मंडळाच्या जुन्या अंकात. तो सावलीवाला. क्या लिखा है काकाजी! तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

त्या लेखाचं नाव कुणी काढलं की मला बरं वाटतं आणि लाजही वाटते. मी आयुष्यात छापून आणलेला तो एकच लेख. चित्रपटाच्या शेवटी गावातून निघून गेलेला मास्तर घरी परत येतो, पण दारात तो दिसण्याआधी त्याची सावली आत येते, ओट्यावरून सरकत चुलीपाशी बसलेल्या बायकोच्या हातांवर पडते, आणि ती मान वर न करता ओळखते. त्या सावलीबद्दल मी बरंच लिहिलं होतं. दिग्दर्शकाचा संयम वगैरे. काही वाक्यं आज वाचली तर मीच खोडीन.

"त्याईले कावून उभं करतं वं?" रत्नमाला मेथीतून मान वर न करता म्हणाली. "त्याईले घाबरल्यासारखं होते. दुसऱ्या कोनाले सांग."

मिताली हसली. "काकू, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मग नाही घाबरणार."

"मले नाही यायचं. माझे गुडघे दुखतात."

मी नाही म्हणण्याच्याच बेतात होतो. पण रत्नमालाच्या त्या घाबरण्याच्या बोलण्यानं मला कुठेतरी लागलं. इतकी वर्षं बरोबर राहून हिलाही वाटतं की मी चार माणसांसमोर उभा राहू शकत नाही. तिचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं. मी म्हणालो, "येतो मी." एकदा तरी, ती समोर बसलेली असताना, मला नीट बोलायचं होतं. दुसरं काही नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो चित्रपट मी अर्धाच पाहिला होता.

त्या काळी भिलाईत सगळ्यांचं असंच होतं. नीलकमल टॉकीज कॅम्पमध्ये, आणि पोलाद कारखान्यात माणसं देशभरची. म्हणून रविवारी बारा वाजता एका भाषेचा खेळ असायचा. कधी बंगाली, कधी तेलुगू, कधी मल्याळी, आणि नागपूरहून रेल्वेनं रीळ आलं तर मराठी. तेवढा एकच खेळ, मग पेटी परत नागपूरला. ज्यांची बी शिफ्ट असायची ते इंटरव्हल झाला की उठायचे, सायकली काढायचे आणि दोनच्या आत गेटवर हजर. बायका-पोरं मागे थांबून उरलेला सिनेमा बघायची आणि रात्री दहानंतर नवरा घरी आला की जेवताना त्याला पुढची गोष्ट सांगायची. शेजारच्या रेड्डींच्या घरात तेलुगू सिनेमा असाच पुरा व्हायचा, आमच्याकडे मराठी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आपण तो सिनेमा पाहिला, असंच सगळे म्हणत. मीही म्हणत होतो. खरं तर मला तसंच वाटत होतं. मी टाइम ऑफिसात कारकून होतो. इंटरव्हलपर्यंतचा मास्तर मी पाहिला होता, पुढचा रत्नमालानं सांगितला होता, आणि इतक्या वर्षांत त्या दोन्हींतला सांधा माझा मलाच दिसेनासा झाला होता.

तो चित्रपट नंतर एकदाच टीव्हीवर लागला. नेमक्या त्याच संध्याकाळी रत्नमालानं बोरसीच्या तिच्या मावसबहिणीला जेवायला बोलावलं होतं.

आठवडाभर मी आरशासमोर बोलून पाहिलं. रत्नमाला अस्वस्थ होती. शनिवारी रात्री ती म्हणाली, "मी येतो उद्या. पन एक ऐका. सिनेमाबद्दल बोला, शेवट नका सांगू. लोकाईचा मजा जाते."

हे मला पटलं. मी तसं वचन दिलं.

रविवारी आम्ही ई-रिक्षानं गेलो. नीलकमलची बाल्कनी आता बंद आहे, पडद्याच्या एका कोपऱ्यात ठिगळ आहे, पण मालकाच्या मुलानं, सुगतनं, खुर्च्या पुसून घेतल्या होत्या आणि दारात प्रत्येकाला हात जोडत होता. महिन्यातून एकदा तो, मितालीसारख्या पोरांना हाताशी घेऊन, असे जुने चित्रपट लावतो, पुन्हा सगळ्या भाषांचे. त्यातून त्याचं विजेचं बिल तरी निघतं का, कोण जाणे. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. बहुतेक लोक पांढऱ्या केसांचे. समोरच कारखान्याच्या ब्लूमिंग मिलमधले मारोतराव पाय पसरून बसले होते.

"शरदभाऊ, माइक चावत नाही! पकडा त्याले!"

मी पकडला. पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं आठवेना. मी खिशात कागद शोधला, तो चष्म्याच्या घरात होता आणि चष्म्याचं घर रत्नमालाच्या पिशवीत. मागून कुणीतरी खोकलं. त्या घाबरलेपणात जे मला झोपेतही येतं तेच तोंडातून निघालं.

"या चित्रपटात मास्तर परत येतो," मी म्हणालो. "आणि त्याच्या आधी त्याची सावली येते."

मग मला थांबता आलं नाही. चूल, ओटा, तिचे हात, सगळं सांगून टाकलं. परत येणं हे निघून जाण्यापेक्षा अवघड असतं, असंही काहीतरी म्हणालो. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी टाळ्या झाल्या, आणि त्या दयेच्या नव्हत्या असं मला वाटलं. माझ्या जागेवर येऊन बसलो तर रत्नमाला पदरानं कपाळ पुसत होती.

"चांगलं झालं ना?" मी विचारलं.

"लय चांगलं बोलले," ती म्हणाली. तिचा आवाज भरला होता. मला वाटलं, अभिमानानं.

चित्रपट सुरू झाला. पुण्याच्या कुठल्याशा संग्रहातून नीट करून घेतलेली प्रत होती, स्वच्छ. नदीपलीकडच्या गावात शाळा काढणारा मास्तर, त्याला टोमणे मारणारे लोक, ओस पडत जाणारी शाळा, काही न बोलणारी त्याची बायको. एका पहाटे मास्तर घरातून निघतो आणि नदीकाठी येऊन उभा राहतो. तिथे इंटरव्हल.

दिवे लागले आणि मी उठून उभा राहिलो. का, ते मलाही कळलं नाही. माझ्यासारखे आणखी दोघेतिघे उठले होते.

"बसा," रत्नमाला म्हणाली. "कोनती शिफ्ट हाय आता?" आणि लगेच, "नाही तर असं करा, घरी चला. माझं डोकं दुखून राहिलं."

"सावली पाहू आणि निघू."

ती पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.

उत्तरार्ध सुरू झाला. नावाडी मास्तरच्या बायकोच्या दारात येतो. त्याच्या हातात मास्तरच्या चपला असतात. मला वाटलं, हे स्वप्न असेल. मग ती नदीकाठानं गावोगाव विचारत फिरू लागली आणि मी वाट पाहत राहिलो. मास्तर कुठल्यातरी वळणावर दिसेल, बाजारात, देवळाच्या पायरीवर. तो दिसला नाही. मारोतरावांनी एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती गावात परतली आणि एका सकाळी तिनं शाळेचं कुलूप उघडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चित्रपट संपत आला आहे आणि मास्तर येणार नाही. तो इंटरव्हललाच गेला होता.

सगळ्या गावासमोर मी एका मेलेल्या माणसाला घरी आणून ठेवलं होतं.

रत्नमालानं अंधारात माझा हात धरला. चारचौघांत ती असं कधी करत नाही.

"मी खोटं सांगितलं होतं," ती कुजबुजली. "त्या दिवशी तुमाले खरं कसं सांगू?"

त्या दिवशी. मला तो दिवस सांगायची गरज नव्हती. आर्वीहून इथे येऊन फार काळ झाला नव्हता. त्या वर्षी माझं मन बरं नव्हतं. त्याला तेव्हा कुणी आजार म्हणत नसे. मी जेवत नव्हतो, बोलत नव्हतो, आणि ड्यूटीवरून येताना कॅनॉलच्या पुलावर सायकल थांबवून उभा राहत असे. रत्नमालाला हे कुणीतरी सांगितलं होतं. ती मला कधी काही बोलली नाही. त्या रविवारी मी मास्तरला नदीकाठी सोडून कामावर गेलो, आणि ती एकटी इथे बसून त्या चपला पाहत होती. रात्री मी घरी आलो आणि ताटावर बसून विचारलं, मास्तरचं काय झालं.

"तुमी किती दिवसांनी काहीतरी विचारलं होतं," ती म्हणाली. "मग मले सुचलं ते सांगत गेलो. तुमी ऐकत होते, अन् जेवत होते. म्हणून लांबवलं. सावली त्याच्यातच आली."

पडद्यावर पोरं पाटी घेऊन शाळेत शिरत होती. चित्रपट फार चांगला होता. मला तो नीट दिसत नव्हता.

दिवे लागले. टाळ्या झाल्या आणि मग, मी ज्याला घाबरत होतो, ते झालं.

"शरदभाऊ!" मारोतराव खुर्चीतून ओरडले. "तुमचा मास्तर कोन्या बसनं येऊन राहिला? आमाले तर दिसला नाही!"

सभागृह हसलं. मितालीचा चेहरा उतरला होता. "काकाजी, शायद दूसरी फिल्म के साथ कन्फ्यूज..." म्हणत तिनं माइक माझ्याकडे आणला. तसं म्हणणं सोपं होतं. वय झालं, विसरलो. लोकांनी सोडून दिलं असतं. मी रत्नमालाकडे पाहिलं.

"सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली. "मले कोन नोकरीवरून काढते आता?"

मी उभा राहिलो. या वेळी कागद शोधला नाही.

"मी हा उत्तरार्ध आज पहिल्यांदा पाहिला," मी म्हणालो. "त्या दिवशी माझी बी शिफ्ट होती."

मग मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि ते हसणं वेगळं होतं. मारोतरावांनी मांडीवर थाप मारली. "अरे बाप! मीही इंटरव्हललेच निघालो होतो!"

"मला पुढची गोष्ट हिनं सांगितली," मी म्हणालो. "तेव्हा मला मास्तर परत यायला हवा होता. का, ते राहू द्या. हिला ते कळलं, म्हणून हिनं त्याला आणला. मी ज्या सावलीवर लेख लिहिला ती दिग्दर्शकाची नव्हती. दिग्दर्शकाची मी माफी मागतो. त्यांचा शेवट खरा आहे आणि मोठाही आहे. पण मी आज इथे उभा आहे तो दुसऱ्या शेवटामुळे. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, कारण मला माहीतच नव्हतं. आज मानतो."

एवढं बोलून मी बसलो. या वेळी माझ्याच खुर्चीत. मी चांगलं बोललो की नाही, मला अजून माहीत नाही. रत्नमालानं पदर तोंडाला लावला होता आणि ती रडते आहे की हसते आहे हे मला कळेना. बहुतेक दोन्ही.

बाहेर पडायला वेळ लागला. पोस्टरांच्या रिकाम्या चौकटींखाली सुगत चहा देत होता. लोक एकमेकांना विचारत होते की कुणी कुठला सिनेमा कुठवर पाहिला आहे. एक बंगाली गृहस्थ म्हणत होते की त्यांच्या बायकोनं सांगितलेले सगळे शेवट आता तपासून घ्यावे लागतील, आणि त्यांची बायको म्हणत होती, तपासा, मग जेवण पण स्वतःच करा.

मारोतराव कप घेऊन आमच्याकडे आले. टोमणा मारतील म्हणून मी जरा मागे सरलो. पण ते रत्नमालाकडे वळले होते, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला होता. त्यांचा मोठा मुलगा घर सोडून गेला आहे, त्याला बरीच वर्षं झाली.

"वहिनी," ते म्हणाले, "तो तुमचा मास्तर. तो कसा परत येते, सांगा न आमालेबी. पह्यलेपासून."

"आता इथं?" रत्नमाला लाजली. "घरी चुलीवर..." मग तिलाच हसू आलं. "गॅसवर कुकर ठेवाचा हाय मले."

"ठेवा न. पन सांगून."

आजूबाजूचे दोनचार जण थांबले. सुगतनं आतून एक खुर्ची आणून ठेवली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, खुर्चीच्या कडेवर बसली, जरा विचार केला.

"तर मास्तर नदीत पाय टाकते," ती म्हणाली, "अन् त्याले पानी लय थंडं लागते."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी पिशवी धरून जवळ सरकलो.