प्रज्ञा वाजवायची तेव्हा

तुरीच्या भुशाचा सोनेरी धुरळा कवडशात तरंगत असायचा, आणि प्रज्ञाची काठी ड्रमवर पडली की तो सगळाच्या सगळा थरारून उठायचा; प्रकाशालाच नाडी फुटली की काय, असं वाटायचं बघा. उदगीरच्या आमच्या आडत दुकानामागची रिकामी कोठी मी प्रज्ञाच्या बँडमधल्या चौघांना वाजवायला दिली होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भिंतींना रिकाम्या पोत्यांचा बारदाना ठोकला तो तिनंच. मेटल म्हणतात त्या संगीताला. मला काय कळतंय त्यातलं! पण वळवासारखं ते अंगावर यायचं, आणि त्या कल्लोळाच्या मधोमध ही सावळी, अबोल मुलगी, ओठ घट्ट मिटून, पायांनी गडगडाट आणि मनगटांनी विजा घडवत, स्वतः मात्र डोहाच्या तळासारखी निश्चल बसलेली असायची.

थांबली की घाम पुसत विचारायची, "मावशी, कान दुखायलेत का?"

"कान न्हाई गं, काळीज हालतंय. एखादं गोड गाणं वाजवा की कधी!"

ती हसायची. चहा देता देता बोलायचं म्हणून बोललेलं, झालं.

त्या वर्षीच्या थंडीत गाणाऱ्या रोहितनं ठरवलं, आता लग्नाच्या संगीतात गोडच गाणी म्हणायची. ठेक्याला मशीन आलं, लातूरहून कीबोर्डवाला आला. प्रज्ञाला कुणी एका अक्षरानं सांगितलं न्हाई. रविवारी नेहमीसारखी ती ओढणीत काठ्या गुंडाळून आली, तर तिचा ड्रम कोपऱ्यात सरकवलेला, त्यावर कीबोर्डवाल्याचं जाकीट.

रोहित तिच्याकडं न बघता म्हणाला, "मावशीलाच हा धिंगाणा सोसंना. गोड वाजवा म्हणत होत्या की न्हाई, मावशी?"

शब्द माझेच होते. पण मायेनं बोललेलं कुणी असं मुरगाळून त्याची सुरी करावी! प्रज्ञा माझ्याकडं बघत राहिली, शिशिरातल्या उन्हासारखी, ऊब नसलेली स्वच्छ नजर. "खोटं बोलतोय मेला," एवढंच म्हणायचं होतं मला. चारचौघांत जीभ उचलली न्हाई.

"आधी सांगायचं ना, मावशी," ती म्हणाली, "मी हळू वाजवलं असतं."

ड्रम तिनं एकटीनं खोलला, एकटीनं ऑटोत चढवला. कोठी मी दुसऱ्याच दिवशी रोहितकडून रिकामी करून घेतली. पण तिला ते कळून काय उपयोग?

काळ प्रत्येक आवाज ओसरवत नेतो म्हणतात. खरं असेल. माणूस निघून गेल्यावर आपलं गप्प राहणं तेवढं वर्षागणिक मोठं ऐकू येत जातं.