दारूत बुडवलेलं बीज

बियान नावाच्या म्हाताऱ्याला खेकड्यांतलं कळत नाही असं काही नाही, असं वस्तीत म्हणत. त्यालाही ते पटलेलं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

गेल्या वर्षी थरथरीच्या रोगानं सरोवराकाठची सगळी तळी रिकामी केली. बियानच्या तळ्यात मूठभर खेकडे तगले, तेही अंगानं किरकोळ. त्याची सून रुईफन त्यांना जिवापाड जपत होती. रोगातून वाचलेल्या माद्यांना पलीकडच्या गावचे थोराड नर लावायचे, म्हणजे पिल्लं वाढतीलही आणि रोगाला दादही देणार नाहीत, असा तिचा बेत. साऱ्या वस्तीचं पुढच्या वर्षीचं बीज त्यांच्यावरच अवलंबून होतं. हे तिनं जेवताना सासऱ्याला सांगितलं होतं. म्हातारा 'हं' म्हणाला आणि भात चिवडत बसला. सुनेकडून खेकडे शिकायचे दिवस अजून आले नव्हते म्हणे.

मग रुईफन माहेरी गेलेली असताना त्याच्या जुन्या मित्राचं, यूचं, नानजिंगहून यायचं ठरलं. वाफवून पुढे ठेवावा असा एकही मोठा खेकडा घरात नव्हता. धक्क्याखालच्या जाळीत मात्र बारके खेकडे बांधलेले दिसले. बारका खेकडा दारूच्या बरणीत जायचा, ही तिथली पिढीजात रीत. सुनेनं त्यासाठीच बाजूला काढले असतील असं त्यानं धरलं, आणि भाताच्या दारूत आलं, खडीसाखर घालून ते जिवंतच बुडवले. यू आला, बोटं चाटून गेला.

परतल्यावर रुईफननं रिकामी जाळी उचलली आणि सुटलेली गाठ बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपली.

"गाठ मीच सैल बांधली असणार, बाबा. बीजाचे सगळे खेकडे निसटले."

तेव्हा कुठे म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खाल्ले म्हणून सांगणं एक वेळ जमलं असतं. पण मग तुझं बोलणं मी कानांवर घेतलंच नव्हतं, हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही सुनेला. तो मूग गिळून गप्प राहिला. त्या रात्री त्याला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात रुईफन वस्तीतल्या सगळ्यांसमोर मान खाली घालून माफी मागत होती. शेजारीण म्याओ बोललीच, "पोरीसोरींच्या हाती बीज दिलं की दुसरं काय व्हायचं!"

हे तर आपल्याच मनातलं, हे म्हाताऱ्याला ओळखू आलं. शरमेनं त्याचे कान तापले. तो उठून उभा राहिला.

"गाठ घट्ट होती. जाळी मी सोडली. बारके म्हणून दारूत घातले. हिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

कुणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून तो थांबून राहिला. कुणी दिल्या नाहीत. सगळे आपापल्या पेल्यात बघत बसले. दुकानदारानं नव्या चहाची किटली आणली आणि रिवाजाप्रमाणे पहिला पेला वस्तीतल्या वडीलधाऱ्याचा, म्हणून त्याचाच भरला. त्यानं तो रुईफनकडे सरकवला.

तिनं दोन्ही हातांनी तो परत त्याच्यापुढे ठेवला. "घ्या बाबा, निवतोय," ती म्हणाली. पण तिनं वर पाहिलं नाही.