पाइनच्या खड्ड्यातली काळी माती

धायरीतलं रान विकलं, तेव्हा बिल्डरची मशीन यायच्या आधी गेनबांनी काळ्या मातीची एक ट्रॉली भरून नव्या बंगल्याच्या अंगणात ओतून घेतली. "सोनं विकलंत आन् माती राखली," बायडाबाईंनी नवऱ्याला टोला हाणला. हाणू दे. तीन पिढ्यांनी कसलेली माती होती ती.

पुढे मुलगा बजरंग पलटणीतून रजेवर आला, तो पहाडातलं पाइनचं रोप घेऊनच. "आबा, आपल्या मातीत लावा. तेवढीच रानाची खूण," म्हणाला आणि परत गेला.

गेनबांच्या हातचं आजवर काही मेलं नव्हतं. त्यांनी खोल खड्डा घेतला, सगळी काळी माती त्यात भरली, वर शेणखत घातलं आणि उसासारखं रोज भिजवलं. दोन महिन्यांत सुया पिवळ्या पडल्या. गेनबांनी पाणी दुप्पट केलं! चाळीस वर्षं पिकं काढलेला माणूस, त्याला सांगणार कोण?

शेवटी कर्वेनगरच्या नर्सरीतून नियाज आला. त्याने बुंध्याशी बोट खुपसून वास घेतला.

"काका, भात लावलाय का?"

"पानी कमी पडलं व्हय?"

"मुळं सडायला लागलीत. हे उतारावरचं झाड, पाणी आलं की वाहून गेलं पाहिजे. तुमची माती धरून बसते. ही काढा, मुरूम-वाळूचा उंचवटा करून त्यावर लावा. आणि मग तुम्ही हात लावू नका."

"समदी काढायची?"

"मुळांना चिकटलेलीसुद्धा."

मुरूम! तो रानातून वेचून बांधावर टाकण्यात गेनबांचा जन्म गेला होता. दोन दिवस ते झाडाभोवती फिरत राहिले. बायडाबाईंनीही जीभ आवरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली. माती नियाजच्या गुलाबांना द्यायचं ठरलं. पोत्यांची तोंडं मात्र गेनबांनी स्वतः दाभणाने शिवली, बाजाराला ज्वारी धाडताना शिवायचे तशीच.

नंतर काहीच न करणं आलं, आणि ते त्यांना नांगरटीपेक्षा जड गेलं. फाल्गुनात शेंड्याला बोटभर सरळ कोंब फुटला. त्याच आठवड्यात बजरंगचा फोन आला.

"आबा, मानवली का आपली माती?"

हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई मानवली, बाळा. देऊन टाकली."

"मग रानाचं काहीच राह्यलं न्हाई की, आबा."

"न्हाई राह्यलं," गेनबा म्हणाले. "पर तुझं झाड जगलं."