थुंकीच्या डब्यांचा मनोरा

निवेदिकेचा आवाज शहरभर घुमत होता. रेडिओवर, बसथांब्यावर, बातम्यांच्या आधी आणि नंतर तीच सांगायची, "खोकला जात नाही? उशीर करू नका. आजच थुंकी तपासून घ्या." पोरंसोरं एकमेकांना चिडवायलाही हेच वापरत. क्षयरोग मोहिमेच्या साहेबांच्या मते यालाच यश म्हणतात.

तिच्या दादाने मात्र ते खरं मानलं. सख्ख्या बहिणीचं ऐकायचं नाही तर कोणाचं? तो दवाखान्यात गेला. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, थुंकीच्या डब्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. आज सकाळी त्याच्या रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा वहिनीने फोन केला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दवाखान्यातल्या टीव्हीवर तूच बोलत होतीस. तुझा दादा मान डोलवत बसला होता."

निवेदिका तशीच स्टुडिओत आली, जाहिरातीचा दुसरा भाग बोलायला. कागदावर वाक्य होतं, 'अजून आला नाहीत?'

तिने साहेबांना डब्यांचं विचारलं. साहेबांनी शांतपणे समजावलं की डब्या पुरवठा खात्याकडे असतात, आपलं खातं जागृतीचं. लोक जागे झाले की अर्धी लढाई जिंकली.

"जागे झालेत, साहेब. दवाखान्याच्या बाकावर बसलेत."

साहेबांना हे फारच आवडलं. त्यांनी चहा मागवला. ध्वनिमुद्रकाने साखरेसाठी लाल झाकणाची एक डबी पुढे केली. निवेदिकेने ती ओळखली. पोस्टरवर तिच्या फोटोमागे अशाच डब्यांचा मनोरा होता.

ध्वनिमुद्रक भाबडेपणाने म्हणाला की फोटोसाठी दवाखान्याचा सगळा साठा उचलून आणला होता. परतीचं पत्र कोणी काढायचं यावर दोन खात्यांचं अजून जमत नाही. खोकी मागच्या खोलीत आहेत. झाकण मात्र घट्ट बसतं, मुंगी शिरत नाही.

तिने हेडफोन काढून चहाच्या कपात सोडला.

ती खोकी टॅक्सीत भरू लागली तेव्हा साहेब जिन्यापर्यंत धावत आले. "अहो बाई, ती मोहिमेची मालमत्ता आहे! आणि रेकॉर्डिंग?"

"थुंका त्याच्यावर," ती म्हणाली. "डबी देऊ?"

वाटेत तिने फोन करून दादाला दवाखान्यात बोलावून घेतलं. तिथे कारकून म्हणाला, असा माल घेता येत नाही, नोंद नाही. तिने खोकं खिडकीवर आपटलं, फोडलं, पहिली डबी दादाच्या हातात दिली आणि उरलेल्या बाकावरच्या लोकांत वाटायला लागली. कारकुनाने तोंड उघडलं, पण बाकावरची माणसं एव्हाना उभी राहिली होती. त्याने डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या.

वर टीव्हीवर ती गोड हसून सांगत होती, उशीर करू नका. आवाज कमी करता येत नाही, कारकून पुटपुटला, तसा हुकूम आहे. निवेदिका स्टुलावर चढली आणि तिने वायर उपटली.

मग त्या खोलीत फक्त दादाचा खोकला ऐकू आला. तो थांबेपर्यंत ती स्टुलावरून उतरली नाही.