फुकटचा गाळ

वैशाखात भोरच्या शाळेला सुट्टी लागली, की शिवऱ्यातल्या बापांची तोंडं कैरी चावल्यासारखी होत. त्यांत सावळारामचं सगळ्यांत आंबट. त्याची दोन पोरं, भिमा आणि ज्ञानू, भोरला राहून इंग्रजी शिकत. दोघांच्या ओठांवर मिसरूड फुटू लागलं होतं आणि पोटात काय फुटलं होतं ते देवाला ठाऊक. भाकरीची चवड चुलीवरून खाली उतरायच्या आत सरायची.

घरी आल्या आल्या त्यांनी पेटी मागितली. मग फुटबॉल मागितला. मग पुण्याला नेऊन बोलपट दाखवा म्हणाले. सावळारामने पेटीला नाही म्हटलं, कारण गळा नव्हता. फुटबॉलला नाही म्हटलं, कारण मैदान नव्हतं. बोलपटाला नाही म्हटलं, कारण तो बापानेच कधी पाहिला नव्हता. नाही म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून हा शब्द तो दोन्ही हातांनी उधळायचा. एवढा एकच उधळेपणा त्याला जमे.

मग पोरांनी आपली करमणूक आपण शोधली. गलोलीने कुंभाराची मडकी फुटली, ती भरून द्यावी लागली. सातारच्या सडकेवर मोटारीला दगड बसला, तिथे हात जोडावे लागले. हात जोडणं फुकट होतं, तरी सावळारामला ते लागलं.

"अवं, ह्यास्नी कायतरी काम लावा," सखूबाई म्हणाली, "न्हाईतर मला तरी म्हायेरी धाडा."

"काम लावायचं म्हंजे खर्च आला."

"बसवून ठिवायला काय फुकट पडतं व्हय?"

बायकोचं बोलणं सावळाराम ऐकत नसे; पण त्यात बचतीचा वास आला, की त्याचे कान आपोआप उभे राहत.

ओढ्याकाठी त्याची विहीर होती. 'त्याची' हा शब्द त्याने गावाकडून म्हणवून घेतला होता, एवढंच. विहीर मुळात त्याच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या बापांनी बांधावर खणलेली, निम्मी-निम्मी. गावची रीत अशी, की विहिरीचा गाळ काढायची वेळ आली म्हणजे प्रत्येक वाटेकऱ्याच्या घरातला एक पुरुष आत उतरायचा. जो उतरला त्याची पाण्याची पाळी चालू. जो उतरला नाही त्याची बंद. मजुरी घेऊन उतरला तो मजूर, त्याचा विहिरीशी संबंध नाही. चुलतभाऊ तापाने गेला, त्याची बायको फुलाबाई तान्ह्या गेनूला घेऊन मागे राहिली, आणि पुढच्या गाळाला तिच्या घरून उतरायला कोणी नव्हतं. तेव्हा हाच सावळाराम पारावर उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला होता, "वहिनी, मला लई वाईट वाटतं, पर रीत ती रीत." वाईट वाटून झाल्यावर त्याने तिच्या पाळीचं पाणी आपल्या मिरचीला लावलं. फुलाबाईचा वावराचा तुकडा तेव्हापासून पावसावर जगत होता.

आता विहीर परत गाळाने भरली होती. वडारांना सांगावं तर ते मजुरी मागत, वर गूळ-भाकरी मागत. इकडे घरात दोन धडधाकट रिकामटेकडे. सावळारामच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या आणि तो आपल्याच हुशारीवर खूश होऊन खाटेवर उठून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पारावर जाहीर केलं, "सुट्टीत पोरं वाया जात्यात. म्या त्यास्नी माझ्या हिरीत पवायला शिकवनार. फुकट! फकस्त आधी वाईच गाळ काढायचा, म्हंजे उडी मारायला पानी व्हईल."

सडकेवर छकडा हाकणारा लतीफ तिथेच बिडी ओढत बसला होता. "सावळारामभाऊ, आमचा उस्मान येईल की. पर रोजाचं काय?"

"रोज? अरं, पवायला शिकवतुया त्याला!"

"ओढ्यात पडल्यावर म्हसरूबी शिकतंय. गाळ काढायचा म्हंजे रोज आला."

बरीच घासाघीस होऊन उस्मानला दिवसाला एक आणा ठरला. घरी जाऊन सावळारामने लतीफच्या लोभीपणावर बायकोला एवढं सुनावलं, की तेवढ्या वेळात तिचं दळण उरकलं.

संध्याकाळी फुलाबाई स्वतःहून दारात आली. डोईवरचा पदर सावरत म्हणाली, "भावजी, आमच्या गेनूलाबी धाडू का? सुट्टीचं नुसतं हुंदडतंय."

सावळाराम सावध झाला. "धाडा की. पर वहिनी, रोज-बिज आपल्याला परवडायचा न्हाई."

"मी मागितला का रोज? घरचीच तर हीर हाय."

"व्हय, व्हय! घरचीच!" सावळाराम एवढ्या मोठ्याने म्हणाला, की समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या रखमाजीने मान वर केली. "माणसं असावी तर अशी. न्हाईतर तो लतीफ!"

"आन् भाकरीबी मी घरनंच बांधून दीन. तुमच्यावर भार नको."

ती गेल्यावर सावळाराम कितीतरी वेळ तिची तारीफ करत राहिला. सखूबाईने चुलीपाशी बसल्या बसल्या एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. घरातल्या शहाण्याला शिकवायची तिची हौस लग्नानंतर पहिल्या वर्षातच फिटली होती.

हिशेबी माणसाची एक खोड असते: वाचलेला पैसा त्याला दिसतो, त्यापायी काय गेलं ते दिसत नाही. सावळारामला चार पोरं दिसत होती आणि तीन पोरांचा वाचलेला रोज दिसत होता. गेनू आता मिसरूड फुटलेला पुरुष आहे, हे त्याला दिसलं नाही. त्याच्या लेखी ती सुट्टीतली पोरखेळाची गोष्ट होती.

पोरं मात्र राबली. कमरेएवढ्या काळ्या रेंद्यात उतरून घमेली भरली, दोराने वर ओढली. भिमा आणि ज्ञानू इंग्रजीतून कण्हत. गेनू मुकाट्याने उपसत राही आणि दुपारी विहिरीच्या काठावर बसून आपली भाकरी खाई. सावळाराम झाडाखाली बसून "जोर लावा रं, पवायचं हाय ना?" एवढं बोलायचं काम करी.

शेवटी तळाचा कातळ लागला आणि त्याच्या बगलेतून झरा असा सुटला, की पोरं ओरडतच वर आली. दोन दिवसांत पाणी पुरुषभर चढलं, निवळलं. पोरं लंगोट कसून आली, तर सावळाराम काठावर आडवा उभा.

"आता घरी जावा. पानी गढूळ व्हतंय. मिरचीला चालत न्हाई."

"आन् पवायचं?" भिमा म्हणाला.

"फुडल्या सुट्टीत."

त्याच संध्याकाळी फुलाबाई विहिरीवर आली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा सावळारामच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "भावजी, आमची पाळी कंदीपासनं धरायची?"

तोंडाकडे नेलेलं खोबरं त्याने खाली आणलं. "कसली पाळी?"

"पान्याची. गेनू उतरला की गाळाला."

सावळारामने आधी हसून पाहिलं. मग रागावून पाहिलं. मग कमरेचा कसा सोडून मूठभर नाणी काढली आणि गेनूपुढे धरली, "घे पोरा. तुझा रोज. लतीफच्या पोरापरीस दुप्पट घे." आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाला न मागता पैसे देत होता आणि समोरचा घेईना. गेनूने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आयनं सांगितलंय, घरच्या कामाला रोज घ्यायचा नस्तो."

प्रकरण पारावर गेलं. रखमाजी म्हणजे गावातला सगळ्यांत जुना माणूस, विहिरींच्या रीती त्याच्या तोंडी.

"तात्या, त्यो खेळ व्हता!" सावळाराम म्हणाला. "म्या पोरास्नी पवायला शिकवत व्हतो. गाळ काय, आपला मधल्या मधी निघाला."

"मधल्या मधी?" लतीफ म्हणाला. "माझा उस्मान अजून नखातनं गाळ काढतोय."

रखमाजीने हात वर करून त्याला थांबवलं. "गेनू, पवायला आलं का रं तुला?"

"न्हाई, तात्या. पानी चढलं तवा काका म्हनलं, घरी जावा."

पार हसून हसून हलला. रखमाजी हसला नाही. "उस्मानला रोज दिलास?"

"दिला."

"म्हंजे त्यो मजूर. गेनूला दिलास?"

"त्यानं मागितलाच न्हाई! भाकरीसुदिक घरनं आनत व्हता."

"मग त्यो कोन?"

सावळारामने कमरेचा कसा आवळून बांधला.

"घरचीच हीर म्हनून तूच वरडलास की. म्या समोरच व्हतो." रखमाजी उठला, धोतर झटकलं. "रीत ती रीत, सावळाराम. मला लई वाईट वाटतं."

त्यानंतर सावळारामने जेवण सोडलं. पण ते सोडल्याने पोरांच्या ताटात जास्त जातं हे दिसल्यावर परत धरलं. दिवसभर तो मिरचीच्या सरीत फिरे, आणि कुठली सरी आता कोरडी राहणार याची मनात वाटणी करी.

फुलाबाईच्या पाळीच्या पहिल्या दिवशी उजाडताच मोटेचं चाक कुरकुरलं. सावळाराम ओढ्याकडे धावला. तिच्याकडे बैल नव्हते, मोट हाकायला माणूस नव्हता. म्हणजे कोणाला तरी पाण्यात वाटेकरी करून तिने लबाडी केली असणार, तेवढ्यावर तरी भांडता येईल, असं त्याच्या मनात होतं.

मोट ओढायच्या उतारावर, धावेवर, लतीफची बैलजोडी होती. मोटेचं पाणी काठावरच्या दगडी थारोळ्यात धो धो पडत होतं आणि पाटाने फुलाबाईच्या वावरात चाललं होतं. गेनू तिकडे खोऱ्याने पाण्याची दारं धरत होता. आणि मोटेच्या दोरावर बसून, तारस्वरात गाणं म्हणत, सावळारामचे स्वतःचे दोन इंग्रजी शिकणारे चिरंजीव बैल हाकत होते.

"काय रं, हितं काय करताय? कुनी बोलावलं तुमास्नी?"

"काकीनं," ज्ञानू म्हणाला. "सुट्टीत रिकामं बसू नये म्हनली."

बांधावरून फुलाबाईने पदर सावरला. "काळजी करू नका, भावजी. फुकट न्हाई राबवत. दोगांस्नी रोज एक-एक आना देनार हाय, पारावर तात्यांच्या म्होरं. मागनं कुनी आमच्या पाळीत वाटा मागाया नको."

सावळारामने पाण्याकडे पाहिलं, तिच्या वावराकडे पाहिलं, आपल्या मिरचीकडे पाहिलं. मग पोरांकडे वळून दात खात म्हणाला,

"एका आन्याला कबूल झालासा? दोन तरी मागायचं व्हतं, गाढवांनो!"